कोरड्या कुंडीचं वजन

सोसायटीच्या गच्चीवर मिरचीच्या सहा कुंड्या ठेवायच्या म्हणून लेखी अर्ज करणारा माणूस त्या इमारतीत पूर्वी कधी झाला नव्हता. बाकीचे लोक आपलं जे काही असेल ते सरळ वर नेऊन ठेवत. गच्चीवर एक मोडकी खाट होती, दोन सायकली होत्या, एक फुटकं बेसिन होतं आणि कुणाच्या तरी कपाटाचं दार गेली नऊ वर्षं पाण्याच्या टाकीला टेकून उभं होतं. यातल्या एकाचाही अर्ज सेक्रेटरींच्या फायलीत नव्हता. निरीक्षकांनी मात्र अर्ज केला आणि तिथंच सगळं फसलं.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्यातले, आता निवृत्त. एकतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले होते. इमारतीतले लोक त्यांना तोंडावर ‘साहेब’ म्हणत आणि पाठीमागे ‘काटा’. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती आणि खरं सांगायचं तर दुसरं जास्त आवडत होतं. माणसं निवृत्त झाल्यावर काहीतरी सोडतात. निरीक्षकांनी फक्त कचेरीत जाणं सोडलं. मोजणं चालूच राहिलं, आणि आता ते सगळं घरात येऊन पडलं.

त्याचा पहिला फटका बसला बायकोच्या गुडघ्याला. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन ती घरी आली तेव्हा व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोज थोडं थोडं वाकवा, आणि जिने चढा. निरीक्षकांनी त्याच संध्याकाळी एक तक्ता केला. रोजची तारीख, अपेक्षित कोन, प्रत्यक्ष कोन, तफावत. कोन ते स्वतः कंपासपेटीतल्या कोनमापकानं मोजत. पलंगाच्या कडेला बसून, चष्मा कपाळावर चढवून, बायकोच्या पायाशी. तिसऱ्या आठवड्यात गुडघा सत्तर अंशांवर अडला आणि तफावतीच्या रकान्यात रोज वीस येऊ लागलं. एके दिवशी ती शांतपणे म्हणाली, “अहो, आता माझ्या गुडघ्याला दंड लावणार का?” आणि तिनं व्यायाम बंद केला. जिना तर तिनं चढायचाच सोडला. लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंत, म्हणजे त्यांच्या दारापर्यंत येत होती, त्यामुळे अडत काही नव्हतं. पण डॉक्टरांनी निरीक्षकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, “सहा महिन्यांत पायऱ्या चढायला लागल्या नाहीत, तर गुडघा आहे तिथंच राहील. मग माझ्या हातात काही नाही.”

त्यातले साडेतीन महिने तसेच गेले. मग एक दिवस भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, “झाडावरची ताजी मिरची तोडून आणायची मजाच वेगळी.” ती अगदी सहज म्हणाली होती. निरीक्षकांनी मात्र ते झेललं. मिरचीला रोज सहा तास ऊन लागतं. त्यांच्या बाल्कनीत समोरच्या इमारतीनं एक तासाचंही ऊन शिल्लक ठेवलं नव्हतं. म्हणजे मिरच्या गच्चीवरच लावाव्या लागणार. गच्ची बावीस पायऱ्या वर होती. बायकोला वर न्यायचं तर सांगून उपयोग नव्हता, वर काहीतरी असायला हवं होतं.

निरीक्षक नर्सरीवाल्याकडे गेले. नर्सरीवाला म्हणाला, “साहेब, मिरचीचे फार लाड करायचे नाहीत. ऊन भरपूर, कुंडीला खाली भोकं आणि पाणी बेतानं.”

“बेतानं म्हणजे किती?”

“मातीत बोट घालून बघायचं. कोरडं लागलं की द्यायचं.”

“बोट किती खोल? आणि कोणतं बोट?”

नर्सरीवाल्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे निघून गेला.

समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त कंपाउंडर मात्र कुठं निघून जाणारे नव्हते. आयुष्यभर दुसऱ्यानं लिहून दिलेली औषधं त्यांनी बांधून दिली होती, त्यामुळे स्वतः काहीतरी लिहून देण्याची त्यांना फार हौस. “थोडं थोडं पाणी, दिवसातून तीनदा,” ते म्हणाले. मग पानांच्या मागं माव्याची कीड दिसली तेव्हा त्यांनी साबणाचं पाणी सांगितलं, आणि ते लागूही पडलं. तेव्हापासून ते रोज सकाळी रुग्ण बघायला यावं तसे गच्चीवर येऊ लागले. पहिली फुलं आली ती त्यांनी खुडायला लावली. “आधी अंग धरू द्या,” म्हणाले. हेही बरोबर होतं. बरोबर सल्ला देणाऱ्या माणसाचा त्रास चुकीचा सल्ला देणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

चार तिखट मिरच्या आणि दोन ढोबळ्या, अशा सहा कुंड्या गच्चीच्या कोपऱ्यात लागल्या होत्या. निरीक्षक रोज खाली येऊन बायकोला बातमी देत. आज दोन पानं फुटली, आज कळी दिसली. ती म्हणे, “हं.” एकदा त्यांनी अगदी जपून सुचवलं, “एकदा बघून तरी ये.” ती म्हणाली, “तुम्ही लावल्यात, तुम्हीच बघा. मी काही वर यायची नाही.”

आणि याच सुमारास निरीक्षकांना तो अर्ज सुचला.

गच्ची सगळ्यांची, कुंड्या आपल्या, तेव्हा परवानगी हवी, एवढाच त्यांचा साधा विचार होता. सेक्रेटरींच्या हातात आजवर असा अर्ज पडला नव्हता. न आलेल्या अर्जावर काही करावं लागत नाही, पण आलेल्या अर्जावर काहीतरी करावंच लागतं. त्यांनी तो बैठकीत ठेवला. बैठकीत कुणीतरी म्हणालं, स्लॅबवर भार किती येणार? दुसरं कुणीतरी म्हणालं, गळती सुरू झाली तर? ठरलं असं, की निरीक्षकांनी वजनं लिहून द्यावीत आणि इंजिनिअरनं येऊन ती तपासावीत.

वजनं लिहून द्या, हे निरीक्षकांना सांगणं म्हणजे सुट्टीवर पाठवण्यासारखं होतं. त्यांनी सकाळी सहाही कुंड्या आपल्या काट्यावर चढवल्या आणि ग्रॅमपर्यंत आकडे लिहिले. कुंडी क्रमांक एक, अकरा किलो तीनशे ऐंशी. खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘वरील वजनं मी स्वतः केली असून ती अचूक आहेत. तफावत आढळल्यास मी जबाबदार राहीन.’ हे शेवटचं वाक्य त्यांच्याकडे कुणीही मागितलं नव्हतं. निवेदन त्यांनी लगेच सेक्रेटरींकडे नेऊन दिलं.

त्याच संध्याकाळी पाणी घातल्यावर त्यांनी निव्वळ सवयीनं पहिली कुंडी पुन्हा काट्यावर ठेवली. बारा किलो दोनशे नव्वद. निरीक्षक मोडक्या खाटेवर बसले. त्यांनी वजन केलं होतं ते कोरड्या कुंडीचं. एकतीस वर्षं ज्यांनी दुकानदारांना ओलं धान्य तोलल्याबद्दल नोटिसा दिल्या, ते स्वतः पाण्याला विसरले होते.

ते तसेच सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी म्हणाले, “दुरुस्ती करायची तर हा अर्ज मागं घ्या, नवा द्या. पुढची बैठक दोन महिन्यांनी. तोवर कुंड्या मात्र खाली आणाव्या लागतील.”

“आणि इंजिनिअर कधी येणार?”

“येतील की. चार दिवसांत.”

चारच दिवस, असा हिशेब करून निरीक्षकांनी निर्णय घेतला. इंजिनिअर येईपर्यंत कोणत्याही कुंडीचं वजन निवेदनातल्या वजनापेक्षा वाढता कामा नये. रोज संध्याकाळी पाच वाजता प्रत्येक कुंडी तोलायची, दिवसभरात जेवढं वजन घटलं असेल तेवढंच पाणी मापून घालायचं, एक थेंब जास्त नाही. मग त्यांच्या लक्षात आलं, की झाडही वाढतंय आणि नव्या पानालाही वजन असतं. नवीन पान आलं की तेवढं पाणी कमी करावं लागे. झाडानं चांगलं काही केलं की त्याला लगेच शिक्षा, असा तो कारभार झाला.

इंजिनिअर चार दिवसांत आले नाहीत. दहा दिवसांतही आले नाहीत. कोवळी फुलं गळायला लागली. दुपारी पानं मान टाकत.

“काय म्हणतात मिरच्या?” बायकोनं जेवताना विचारलं.

“शिस्तीत आहेत.”

“म्हणजे पाणी दिलं नाही.”

“दिलं. नव्वद मिलिलिटर.”

“एवढ्यात माझी गोळीसुद्धा उतरत नाही. अहो, झाड मरेल अशानं.”

“मेलं तरी निवेदनाप्रमाणे मरेल,” निरीक्षक म्हणाले. वाक्य तोंडातून गेल्यावर ते त्यांनाही फारसं आवडलं नाही, पण गेलं ते गेलं.  बायको नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. हे बघणं त्यांनी पूर्वी एकदा पाहिलं होतं, तफावतीच्या रकान्याच्या तिसऱ्या आठवड्यात.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी चमत्कार झाला. सकाळी आठ वाजता निरीक्षक वर गेले तर झाडं ताठ उभी. त्यांनी कुंड्या तोलल्या. प्रत्येकीचं वजन सहाशे-सातशे ग्रॅमनी वाढलेलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. निरीक्षक हादरले. एकतीस वर्षांत त्यांनी वजन आपोआप कमी झालेलं शेकडो ठिकाणी पाहिलं होतं, साखरेत, रॉकेलात, कापडाच्या ठाणातसुद्धा. आपोआप वाढलेलं मात्र कुठंच पाहिलं नव्हतं.

दव असेल? एका कुंडीत एका रात्रीत सातशे ग्रॅम दव पडत असतं तर नद्यांची गरजच नव्हती. कंपाउंडर? त्यांना विचारलं तर ते दुखावले. “मी सल्ला देतो साहेब, पाणी घालत नाही,” ते म्हणाले, आणि आयुष्याकडे पाहता ते खरंच होतं. राहिला काटा. काटाच बिघडला असणार. आपल्या काट्यावर संशय घेताना निरीक्षकांना घरातल्या माणसावर संशय घेतल्यासारखं वाईट वाटलं. तरी त्यांनी तो गोणपाटात गुंडाळला आणि रिक्षात घालून आपल्या जुन्या कचेरीत नेला.

तिथं त्यांच्या खुर्चीत त्यांचा पूर्वीचा असिस्टंट बसला होता. तो उठून उभा राहिला, “या साहेब” म्हणाला, आणि मग म्हणाला, “फक्त तेवढं बाहेरून टोकन घेता का?” निरीक्षकांनी टोकन घेतलं. सदतीसावं. पंचवीस वजनं लावून काटा तपासला गेला. बाकावर बसून निरीक्षक आपल्या काट्याची अशी वाट बघत होते, जसा एखादा बाप परीक्षेच्या हॉलबाहेर बघतो. शेवटी असिस्टंट हात पुसत आला.

“साहेब, काटा सोळा आणे बरोबर आहे. त्या कुंड्यांनाच कुणीतरी पाणी घालतंय.”

एवढी साधी गोष्ट आपल्याला का सुचली नाही, याचा विचार निरीक्षकांनी परतीच्या रिक्षात मुद्दाम केला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते नेहमीसारखे पावणेसहाला दुधाची पिशवी घेऊन निघाले. लिफ्टनं खाली गेले, फाटकाचा आवाज केला, आणि जिन्यानं चार मजले चढून धापा टाकत गच्चीवर आले. टाकीला टेकलेल्या कपाटाच्या दारामागे ते जाऊन उभे राहिले. नऊ वर्षांत त्या दाराचा कुणाला तरी उपयोग झाला. चोर सापडला की त्याला काय बोलायचं याची वाक्यं ते मनात जुळवत होते.

जिन्यात आवाज आला. आधी कठड्यावर पडलेल्या तळव्याचा, मग एका पावलाचा, मग दुसऱ्या पावलाचा. मग बराच वेळ काहीच नाही, नुसता श्वास. पुन्हा तळवा, पाऊल, पाऊल. निरीक्षकांनी हा श्वास ओळखला.

बायको दारात आली. एका हातात पाण्याची बादली, लहानशीच, आणि दुसरा हात भिंतीला. ती जरा वेळ तशीच उभी राहिली. मग कुंड्यांपाशी गेली आणि टाकीच्या नळावर बादली पुन्हा पुन्हा भरून तिनं सगळ्यांना अगदी पोटभर पाणी घातलं, बुडातून बाहेर येईपर्यंत. “प्या गं,” ती म्हणत होती. “दुपारी पुन्हा वाळायचंय. तुमचे साहेब येतील आता आठला, तेव्हा जरा अंग चोरून बसा.” मग एका झाडाची वाकलेली फांदी बघायला ती खाली वाकली. सावकाश, कुंडीच्या कडेला धरून, पण वाकली. गुडघा सत्तरच्या कितीतरी पुढं गेला होता. शंभर असेल. नाही, एकशे पाच तरी…

निरीक्षकांचा हात खिशातल्या पेन्सिलीवर गेला होता.

त्यांचं त्यांनाच ते दिसलं आणि फार लाज वाटली. बाहेर धावत जावं, तिला जवळ घ्यावं, असं त्यांना वाटत होतं. पण बाहेर गेलो तर तोंडातून पहिलं वाक्य काय निघेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ‘किती दिवस झाले?’ त्यानंतरचं, ‘मध्ये किती वेळा थांबलीस?’ आणि संध्याकाळपर्यंत नवा तक्ता. ती इतके दिवस चोरून चढत होती ते कुणापासून, हे त्यांना आता कुणी समजावून सांगायला नको होतं. झाडांची आणि तिची तक्रार एकच होती. निरीक्षकांनी डोळे घट्ट मिटून घेतले, आणि ती जिना उतरून गेल्याचा शेवटचा आवाज येईपर्यंत उघडले नाहीत.

“आज उशीर झाला?” दूध घेऊन ते घरी आले तेव्हा तिनं विचारलं.

“रांग होती,” निरीक्षक म्हणाले. आयुष्यातलं हे त्यांचं पहिलं खोटं निवेदन.

आणि नेमके त्याच सकाळी दहा वाजता इंजिनिअर आले.

गच्चीवर अर्धी इमारत जमली. सेक्रेटरींच्या हातात निवेदन होतं. निरीक्षकांच्याच काट्यावर पहिली कुंडी चढली. “निवेदन, अकरा किलो तीनशे ऐंशी,” सेक्रेटरींनी मोठ्यानं वाचलं. “प्रत्यक्ष, बारा किलो तीनशे दहा.” लोकांमध्ये एक सुखाची लहर गेली. पुढच्या पाच कुंड्यांनीही तेच सांगितलं. ज्या माणसानं इमारतीतल्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा दुधाच्या मापावरून ऐकवलं होतं, त्याचं वजन चुकलं होतं, तेही सहाच्या सहा वेळा.

“साहेब, हे कसं काय?” सेक्रेटरी म्हणाले.

“मी सांगतो,” कंपाउंडर पुढं झाले. “यात साहेबांचा दोष नाही. रोज पहाटे हे दूध आणायला गेले की गच्चीच्या जिन्यात पावलं वाजतात. मी स्वतः ऐकलीयत. कुणीतरी वर येतं. उद्या मी दारात खुर्ची टाकून बसतो, बघूच कोण ते.”

निरीक्षकांना ती खुर्ची डोळ्यांसमोर दिसली. कंपाउंडर दारात, शेजारी आणखी दोघं-तिघं, “वा वहिनी, शाब्बास, आता डावा पाय,” असा सल्ला, टाळ्या, आणि मग दुसऱ्या दिवशी बंद दार. दोन वाक्यांत त्यांची अब्रू वाचत होती. कुंड्या कोरड्या तोलल्या होत्या, आणि पाणी दुसरं माणूस घालतं. दोन्ही खरी.

“कुणी येत नाही,” निरीक्षक म्हणाले. “पावलं माझीच. दुधाला जायच्या आधी मी वर येतो.”

“पण वजन…”

“वजन माझ्याकडून चुकलं.”

 सेक्रेटरींनाही ते जरा जास्तच झालं असावं. ते हळूच म्हणाले, “साहेब, तसं लिहून द्यावं लागेल.” निरीक्षकांनी खिशातून काढलेली पेन्सिल परत ठेवली, सेक्रेटरींचं पेन मागून घेतलं आणि निवेदनाखाली लिहिलं, ‘वजन करताना माझ्याकडून चूक झाली.’ खाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच स्वच्छ आलं, याचं त्यांनाच नवल वाटलं.

इंजिनिअर एवढा वेळ गच्चीचा कठडा बघत उभे होते. ते म्हणाले, “या स्लॅबवर असल्या तीनशे कुंड्या ठेवल्यात तरी काही व्हायचं नाही. वजनं कुणी मागितली होती?” सेक्रेटरी निवेदनाची घडी घालू लागले. मग त्यांनी विचारलं, “आणि हे बेसिन कुणाचं आहे?” तेव्हा मात्र सगळे एकदम जिन्याकडे निघाले.

दुपारी दोघं जेवायला बसली. गच्चीचं दार उघडं असलं की वरचं सगळं खाली त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. निरीक्षकांना हे वीस वर्षं माहीत होतं, फक्त आज त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

“तुमचं वजन चुकलं म्हणे,” ती म्हणाली.

“चुकलं.”

“एकतीस वर्षांत कधी चुकलं नाही.”

“आता चुकलं. वय झालं.”

तिनं त्यांच्या ताटात भाजी वाढली. मग आणखी वाढली. ते नको म्हणाले नाहीत.

“त्या ढोबळीची फांदी फार वाकलीय,” ती ताटाकडे बघत म्हणाली. “काठी लावून बांधायला हवी. एकट्यानं होत नाही. एकानं धरायची, एकानं बांधायची. उद्या सकाळी दूध जरा उशिरा आणलंत तरी चालेल.”

निरीक्षकांचा घास हातातच राहिला. तोंडातून सवयीनं जे निघायचं तेच निघालं.

“किती वाजता?”

बायकोनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी ती हसली.

“जाग येईल तेव्हा,” ती म्हणाली.